सोळा मिनिटांचा मैल

भाचीनं गजर लावला तो रात्री दीडचा.

"अगं, शर्यत पाचला आहे ना?"

"शर्यत पाचला, बस अडीचला. आणि मावशी, तू आता बोलू नकोस, झोप."

तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. पुण्याहून फ्लोरिडाला येऊन मला जेमतेम पाच दिवस झाले होते. इथे रात्रीचा दीड म्हणजे पुण्यात भर दुपारचे बारा. त्यामुळे गजर वाजला तेव्हा मी मजेत जागी होते आणि टँपात राहणारी, रोज सहाला उठणारी भाची मात्र पलंगाच्या काठावर बसून एकाच मोज्याकडे टक लावून बघत होती.

ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दर जानेवारीत हा धावण्याचा सोहळा असतो. पहिली मॅरेथॉन झाली १९९४ मध्ये. आता शनिवारी हाफ, रविवारी पूर्ण. हाफच्या पदकावर डोनाल्ड डक, पूर्णच्या पदकावर मिकी. दोन्ही धावलात तर गूफीचं तिसरं पदक. आणि गुरुवारपासून ओळीनं चार दिवस ५, १०, २१ आणि ४२ किलोमीटर, म्हणजे एकूण सुमारे ७८, धावणाऱ्यांना डोपीचं. डोपी हा हिमगौरीच्या सात बुटक्यांमधला भाबडा, बावळट बुटका. नाव अगदी चपखल आहे.

आम्ही आपले डोनाल्डवाले.

पहिली गोष्ट सांगते, कारण मला ती कोणी नीट सांगितली नव्हती. या शर्यतीत धावण्याच्या आधी तीन तास निव्वळ थांबायचं असतं. बसमधून उतरायचं, तपासणीच्या कमानीतून जायचं, पारदर्शक पिशवी जमा करायची, मग एपकॉट या पार्कच्या अवाढव्य वाहनतळावरून हजारो माणसांबरोबर चालत आपापल्या गटात जाऊन उभं राहायचं. या गटाला इथे 'कोरल' म्हणतात. मूळ अर्थ गुरांचा कोंडवाडा. पहाटे चार वाजता, दोन्ही बाजूंच्या कठड्यांमध्ये, पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसांत मीही बसले तेव्हा शब्द पटला. माझ्या शेजारी एक आजोबा पूर्ण समुद्री चाच्याच्या वेषात डांबरावर आडवे होऊन घोरत होते. थंडी आठ-नऊ अंशांची असावी. फ्लोरिडाचा जानेवारी लहरी असतो. एखाद्या वर्षी गोठवतो, एखाद्या वर्षी कोकणातल्यासारखा घाम काढतो. २०१७ मध्ये तर विजांच्या भीतीनं हाफ रद्दच करावी लागली होती. म्हणून अनुभवी मंडळी घरातला जुना स्वेटर घालून येतात आणि सुरुवातीला काढून कडेला टाकतात. ते कपडे गोळा करून गरजूंना देतात. मी मात्र नवीन जाकीट घालून गेले होते. टाकवेना. तेरा मैल कमरेला बांधून पळाले.

धावण्यापेक्षा इथे हिशोब महत्त्वाचा, ही दुसरी गोष्ट. मुदत मैलाला सोळा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ दहा. एकूण साडेतीन तास. ऐकायला सैल वाटतं. भरभर चालणाराही कसाबसा बसतो त्यात. पण वाटेत दर थोड्या अंतरावर एखादं पात्र उभं असतं आणि त्याच्यासमोर फोटोची रांग. घड्याळ रांगेसाठी थांबत नाही. आणि सगळ्यात शेवटच्या गटामागून हातात फुगे बांधलेल्या काही बायका निघतात, बरोबर सोळा मिनिटांच्या चालीनं. 'बलून लेडीज' हे त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. त्या तुमच्या पुढे गेल्या की मागून येणारी बस तुम्हाला कधीही उचलू शकते. पुढच्या गटात असलेल्याला त्यांच्या आधी निघाल्याची मिनिटं फुकट मिळतात. पुढचा गट हवा तर आधीच्या एखाद्या शर्यतीची वेळ पुराव्यानिशी द्यावी लागते. ती मी दिलीच नव्हती. "मला कुठे जिंकायचंय!" असं वर म्हणाले होते. त्या शहाणपणामुळे आम्ही शेवटून दुसऱ्या गटात. गाठीला फक्त सहा मिनिटं.

साडेपाच उलटल्यावर आमच्या नावानं आतषबाजी झाली. (प्रत्येक टोळीसाठी नवी आतषबाजी होते. शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकीच दारू उडवून निरोप देतात, हे मला फार आवडलं.)

आमची चाल मैलाला चौदा मिनिटं. अर्धं मिनिट पळायचं, अर्धं मिनिट चालायचं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांची ही पद्धत. डिस्नेच्या शर्यतींचे ते बरीच वर्षं सल्लागार होते, त्यामुळे इथे निम्मी जनता तशीच धावते. अंधारात चहूबाजूंनी मनगटी घड्याळांची टिवटिव सुरू असते. टिव झालं की पुढच्या बाईचा हात वर जातो. हात वर म्हणजे 'मी आता चालणार आहे, माझ्यावर आदळू नका'. मग ती कडेला सरकते. अर्ध्या मिनिटानं पुन्हा टिव, पुन्हा पळ. पहिला मैल संपेपर्यंत माझाही हात आपोआप वर जायला लागला होता. पुण्यात परतल्यावर एकदा लक्ष्मी रस्त्यावर थांबताना मी हात वर केला, तर रिक्षा थांबली.

तिसरी गोष्ट ऐकून तुमचा हिरमोड होईल. थीम पार्कमधली शर्यत म्हणतात खरं, पण तेरा मैलांपैकी प्रत्यक्ष पार्कमध्ये जेमतेम दोन-एक मैल. बाकी सगळा हमरस्ता. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा हा पसारा. एका पार्कातून दुसऱ्यात जायचं तर मधे रस्ता, झाडी, रस्त्याच्या खुणांचे फलक आणि आणखी रस्ता. त्या काळोखात तिसऱ्या मैलाच्या आसपास चाच्यांचं जहाज दिवे लावून उभं दिसलं आणि मी हरखले. रांग छोटी वाटली. सात मिनिटं गेली. पुढे प्लास्टिकच्या निळ्या संडासांपाशी पाच. मनात बेरीज चालूच: मैलाला दोन मिनिटं कमावते आहे, बारा खर्च झाली.

मग मॅजिक किंग्डम. पाण्याच्या कालव्याखालून जाणारा रस्ता, वरून होड्या, खालून आपण. एक वळण आणि एकदम मेन स्ट्रीट. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, घंटा, पाट्या, आरडाओरडा. पाच मैल घुबडासारखं अंधारात पळाल्यावर हा प्रकाश अंगावर आला तेव्हा मला चक्क रडू फुटलं. माझं वय बावन्न. सिंड्रेलाची गोष्ट मला लहानपणीसुद्धा फारशी पटलेली नव्हती. तरी. फटफटायला लागलं होतं, आणि तिचा १८९ फुटी किल्ला निळा-जांभळा उजळला होता. वाट किल्ल्याच्या मागून शिरते आणि कमानीतून पुढच्या अंगाला निघते. आत दोन क्षण सगळ्यांच्या बुटांचा आवाज घुमतो, आणि बाहेर पडल्या पडल्या समोर छायाचित्रकार. तिथे प्रत्येकजण उडी मारतो. मीही मारली. भाचीनं नंतर आणखी दोन फोटोंचा हट्ट धरला. सात मिनिटं.

बारा आणि सात, एकोणीस.

सातव्या मैलाला, ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलामागच्या अरुंद रस्त्यावर, सूर्य वर आला आणि मी मागे पाहिलं. फुगे. रंगीत, हलणारे, अगदी वाढदिवसाला असतात तसले. एका मिनिटाच्या अंतरावर. त्यांच्या खाली हसऱ्या चेहऱ्याच्या बायका, आणि त्यांच्या पुढे धापा टाकत पळणारी आमच्यासारखी माणसं.

"मावशी, मागे बघू नकोस."

"बघितलं मी."

"मग आता फोटो बंद."

पुढचे सहा मैल आम्ही एकाही पात्रापाशी थांबलो नाही. एक राजकन्या रिकामी उभी होती, रांगच नव्हती, तरी नाही. इथे रस्ता कडेला उतरता आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून सगळेच रस्ते असतात. पण एकाच कुशीवर तासभर धावलं की बाहेरचा गुडघा बोलायला लागतो. रस्त्याच्या मधोमध धावा, हे लिहून ठेवा. चढ म्हणाल तर फक्त उड्डाणपुलांचे. अख्ख्या फ्लोरिडातलं सर्वांत उंच ठिकाण १०५ मीटरचं. आपल्या पर्वतीचा पायथासुद्धा समुद्रसपाटीपासून त्याच्या पाचपट वर. सातारचा यवतेश्वर घाट चढलेल्या माणसानं त्या पुलाला चढ म्हणू नये. पण अकराव्या मैलाला मी म्हटलं. वर 'टॉय स्टोरी'तला हिरवा प्लास्टिकचा सैनिक उभा होता आणि सगळ्यांवर खेकसत होता. माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला. मी मराठीत उत्तर दिलं.

एपकॉटमधून झरकन निघालो. तो मोठा चंदेरी गोल, बाराव्या मैलानंतर लांब झगे घातलेला गायकवृंद, आणि वळणावर शेवट. कोणीतरी गळ्यात डोनाल्ड घातला. तो अपेक्षेपेक्षा बराच जड निघाला. फुगे तेव्हा तेरा मिनिटं मागे होते. दिवसभर मग पार्कमध्ये पदक घालून लंगडणारी माणसं एकमेकांना ओळख दिल्यासारखी मान डोलावत होती.

जाणार असाल तर आधीच्या शर्यतीची वेळ नोंदवून पुढचा गट मिळवा, आणि जाकीट जुनं न्या. माझी वेळ तीन तास बावीस मिनिटं. त्यातली एकोणीस मी धावले नाही, रांगेत उभी होते. जहाजासमोरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.