शिक्षा झालेला अध्यापक आणि विद्यापीठाचे दार

गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवू द्यावे काय, या प्रश्नाला बहुतेक जण तत्काळ नकार देतात आणि त्या नकारामागची पालकांची काळजी खरी असते. परंतु ज्या खानदेशात सर्वांत आदरणीय ठरलेला शिक्षक स्वतः शिक्षा झालेला कैदी होता, तेथे तरी हा नकार तपासून घेतला पाहिजे.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि त्यांची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात झाली. १९३२ मध्ये त्याच तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. सांगणारा आणि लिहिणारा असे दोघेही तेव्हा सरकारच्या लेखी गुन्हेगार होते. ‘श्यामची आई’ हे पुस्तकही १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. अर्थात राजकीय कैद आणि खून किंवा लाचखोरी यांना एकच माप लावता येत नाही, शिवाय गुरुजींनी नोकरी आपणहून सोडली होती. त्यामुळे त्यांचे नाव पुढे करून कोणाही गुन्हेगाराची वकिली करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. या उदाहरणावरून इतकेच दिसते की दोषसिद्धी, म्हणजे न्यायालयाने आरोप सिद्ध झाल्याचे ठरवणे, हा एका कृत्याविषयीचा निर्णय असतो आणि माणसाच्या शिकवण्याच्या पात्रतेविषयीचा निर्णय त्यात आपोआप येत नाही.

शिवाय दोषसिद्धी कायम राहतेच असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या राम लाल आनंद महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे जी. एन. साईबाबा यांना मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि २०२१ मध्ये महाविद्यालयाने त्यांची सेवा संपुष्टात आणली. मात्र ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अध्यापनात परतण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. निर्दोष सुटलेल्या माणसाला वर्ग परत मिळू नये, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

कायद्याचा कल मात्र कठोर आहे. संविधानाच्या ३११व्या अनुच्छेदानुसार, ज्या वर्तनाबद्दल फौजदारी शिक्षा झाली त्याच वर्तनावरून सरकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ करताना वेगळी चौकशी करावी लागत नाही, आणि अशा कारवाईसाठी अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. नव्या नेमणुकीच्या वेळी चारित्र्य पडताळणी, म्हणजे उमेदवाराच्या पूर्वेतिहासाची पोलिसांकडून होणारी तपासणी, आडवी येते. माहिती लपवल्याच्या प्रकरणांतही गुन्ह्याचे आणि पदाचे स्वरूप लक्षात घ्यावे, असे याच न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. दोन वर्षे किंवा अधिक कैद झालेल्या लोकप्रतिनिधीला सुटकेनंतर सहा वर्षांनी निवडणूक पुन्हा लढवता येते. मग शिक्षा पुरी भोगलेल्या अध्यापकाला असा कालावधी का नसावा, हे पटण्याजोगे कोणी सांगितलेले नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने हा प्रश्न उघडपणे हाताळला. १९७५ च्या बँक दरोड्यातील खुनाच्या प्रकरणात शिक्षा भोगून आलेले जेम्स किलगोर तेथे तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत असत. २०१४ मध्ये वृत्तपत्रीय टीकेनंतर त्यांचे काम थांबले, तेव्हा सहकाऱ्यांनी निषेध केला आणि वर्षअखेरीस विश्वस्तांनी त्यांच्या पुनर्नियुक्तीचा मार्ग मोकळा ठेवला.

विद्यार्थ्यांवरील अत्याचार, लैंगिक गुन्हे, परीक्षेतील किंवा पदवीतील फसवणूक यांत दोषी ठरलेल्यांना मात्र वर्गाचे दार कायमचे बंदच असावे, कारण तेथे गुन्हा आणि अध्यापन एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. इतर प्रकरणांत शिक्षा पुरी झाली काय, त्यानंतर किती वर्षे गेली, माणूस कसा वागला आणि त्याने अर्जात खरे सांगितले काय, हे पाहिले पाहिजे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि तेथील अनेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात. अशा ठिकाणी निर्णय संस्थाचालकांच्या मर्जीवर सोडला तर आपल्या माणसाचा गुन्हा झाकला जाण्याची आणि नकोशा माणसाला जुन्या शिक्षेवरून घालवले जाण्याची शक्यता सारखीच राहते, म्हणून निकष विद्यापीठाने लेखी ठरवावेत, प्रत्येक निर्णयाची कारणे नोंदवावीत आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवावी.