तपकिरी भिंत आणि अहिंसेचा हिशेब

इतवारी, गांधीबाग, महाल या जुन्या नागपुरातील पेढ्यांच्या व दुकानांच्या माडीवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, अशा व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळींना आता वर्धा मार्गावरील मिहानचा परिसर खुणावू लागला आहे. मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ यांच्यासाठी आखलेल्या या प्रकल्पात संगणक कंपन्या आल्या, एम्स आणि आयआयएमसारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसपास गृहसंकुलेही झाली. अशा संकुलातील नवी सदनिका ताब्यात येते ती बहुधा पांढऱ्या भिंतींसह. त्यानंतर घरात पहिला मतभेद होतो तो रंगावरून. सूनबाई आणि चिरंजीव यांना बैठकीची एक भिंत गडद, उबदार तपकिरी हवी असते. सासूबाई म्हणतात, ‘नव्या घरात काळोख कशाला?’

या प्रश्नाला दोन्ही बाजू आहेत. त्या समजून घेतल्या, तर निर्णय सोपा होतो.

प्रथम हा रंग आपल्याला परका नाही, हे ध्यानात घ्यावे. ‘तपकिरी’ हा शब्द तपकिरीच्या पुडीवरून आला. व्यसन वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांनीही तो शब्द बिनदिक्कत वापरला. नागपूरच्या जुन्या वाड्यांत हा रंग डब्यातून विकत आणलेला नव्हता. बल्लारशा, आलापल्ली या भागांतील सागवानाचे खांब, तुळया व दरवाजे, वर भाजलेली कवेलू, उंबऱ्याला गेरू आणि खाली सारवलेली जमीन अशा वस्तूंमधूनच तो घरात येई. या सागवानाची कीर्ती आजही ओसरलेली नाही. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहूनच गेले. सिमेंटच्या घरात लाकूड आणि माती दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांचा रंग भिंतीवर मागितला जाऊ लागला. तरुणांची मागणी ही एका अर्थी आजोबांच्या घराचीच आठवण आहे.

काही वडीलधारी मंडळी गडद रंगाचा संबंध कृष्ण लेश्येशी जोडतात. शास्त्रात कृष्ण, नील, कापोत, तेज, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्या सांगितल्या आहेत. त्यांतील भावलेश्या हा जीवाचा परिणाम आहे आणि द्रव्यलेश्या शरीराच्या वर्णाशी निगडित आहे. भिंतीला लेश्या नसते. पांढऱ्या भिंतींच्या घरात कलह असू शकतो आणि तपकिरी भिंतीसमोर सामायिकही शांतपणे होऊ शकते. तरीही घरातील देवघर अथवा स्वाध्यायाचा कोपरा शुभ्र ठेवावा, असे ज्येष्ठांना वाटत असेल, तर त्यांच्या भावनेचा मान राखण्यात कोणाचेच नुकसान नाही.

खरा आक्षेप निराळा आहे. तो नागपूरच्या उन्हाचा आणि उजेडाचा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गडद रंग सूर्याची उष्णता शोषतो, म्हणून स्वतंत्र बंगल्याच्या बाहेरील पश्चिम वा दक्षिण भिंतीला तपकिरी रंग देणे म्हणजे वीजबिल स्वतःहून वाढविणे होय. बाहेर फिका रंग आणि गच्चीला पांढरा थर हेच येथे शहाणपणाचे. आतल्या भिंतीवर प्रत्यक्ष ऊन पडत नसेल, तर उष्णतेचा प्रश्न उरत नाही, उजेडाचा उरतो. शुभ्र भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० टक्के वा अधिक परत देते, गडद तपकिरी भिंत साधारण ५ ते १० टक्केच देते. चारही भिंती तपकिरी केल्या, तर भर दुपारी दिवे लावावे लागतील. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आणि दिवसाउजेडी धान्य निवडणाऱ्या कुटुंबाला हे परवडणारे नाही. म्हणून स्वयंपाकघर व जेवणाची जागा या रंगापासून दूर ठेवावी.

बैठकीत मात्र एक भिंत अवश्य करावी. ज्या भिंतीला खिडकी आहे ती घेऊ नये. खिडकीच्या लख्ख उजेडाशेजारी तीच भिंत काळीकुट्ट दिसते. खिडकीच्या समोरची भिंत घ्यावी. तिच्यावर उजेड पडतो आणि तपकिरीतील लाल-पिवळी झाक उठून दिसते. उरलेल्या तीन भिंती व छत यांना दुधी किंवा बदामी छटा द्यावी. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर प्रकाशाचे असावेत. निळसर पांढऱ्या दिव्याखाली हाच रंग मातकट व उदास होतो. रंगपत्रिकेवरील बोटभर तुकड्यावर विसंबू नये. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंग लावून तो सकाळी, दुपारी आणि रात्री भिंतीशी धरून पाहावा.

आता अंदाजपत्रक. १२ फूट लांब व १० फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. दोन हातांना साधारण एक ते दीड लिटर रंग लागतो. पण गडद छटेच्या मूळ मिश्रणात पांढरे रंगद्रव्य अल्प असते, त्यामुळे खालचा थर नीट झाकला जात नाही आणि बहुधा तिसरा हात द्यावा लागतो. म्हणून दोन लिटर धरावेत. पांढऱ्या प्रायमरमध्ये रंग मिसळून तो आधी किंचित तपकिरी करून घेतला, तर एक हात वाचू शकतो. गडद भिंतीवर ओरखडे आणि हात घासल्याच्या खुणा चटकन दिसतात. घरात लहान मुले असतील, तर अगदी निस्तेज प्रकाराऐवजी धुता येणारा, किंचित तकाकीचा प्रकार घ्यावा.

आपल्या घरांनी यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा: हा तपकिरी रंग होतो कशाचा? इतिहास पाहिला तर अंगावर काटा येतो. युरोपात काही शतके ‘ममी ब्राउन’ नावाचा रंग विकला जाई. तो इजिप्तमधील ममी दळून केलेला असे. एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराला हे कळले, तेव्हा त्याने आपल्याजवळची नळी बागेत पुरल्याचे त्याच्या आप्तांनी लिहून ठेवले आहे. ‘सेपिया’ हा कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईपासून होई. याउलट ‘अंबर’ आणि ‘सिएना’ हे निव्वळ मातीचे रंग. त्यांत लोहाची व मँगेनीजची ऑक्साइडे असतात आणि भाजल्यावर ते अधिक गडद, अधिक उबदार होतात. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीजच्या खाणी आपल्याच परिसरातील आहेत. उंबऱ्यावरचा गेरूही लोहाचीच देणगी. आज घराच्या भिंतींसाठी मिळणाऱ्या तपकिरी रंगांत मुख्यतः कारखान्यात तयार केलेले लोह-ऑक्साइड असते. या बाबतीत हा रंग अनेक भडक रंगांपेक्षा निर्दोष म्हणता येईल.

हिंसा शिरते ती इतर वाटांनी. पहिली वाट ब्रशची. पारंपरिक ब्रशचे केस डुकराचे असतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे ब्रश व कृत्रिम धाग्याचे रोलर सहज मिळतात, ते रंगाऱ्याला आपणच आणून द्यावेत. दुसरी वाट पॉलिशची. तपकिरी भिंतीशेजारच्या लाकडाला फ्रेंच पॉलिश हवे, असे सुतार सुचवितो. त्याचा आधार चपडा लाख. ती पळस, कुसुम, बोर या झाडांवरील लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळते आणि ती काढताना असंख्य जीव मरतात. त्याऐवजी पॉलियुरेथेनचा थर किंवा विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे पक्के तेल वापरावे. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

तिसरी वाट वेळेची. ओल्या रंगावर रात्री दिव्याच्या ओढीने आलेले कीटक चिकटून मरतात. रात्रिभोजनत्यागामागे जी दृष्टी आहे, तीच येथे लागू पडते: रंगकाम दिवसा करावे आणि चातुर्मासात टाळावे. व्यवहारही हेच सांगतो. पावसाळ्यात गिलाव्यात ओल असते आणि ओल्या भिंतीवरचा गडद रंग पांढुरके डाग धरतो. नव्या गिलाव्याला तर निदान २८ दिवस द्यावेतच. कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस या कामाला उत्तम.

डबा घेताना शिशाचा उल्लेखही वाचावा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. भिंतीजवळ रांगणाऱ्या बाळाची दया हीही अहिंसाच.

शेवटी एक गोष्ट अपरिग्रहाची. नव्या सदनिकेत जाताना आजोबांचे सागवानी कपाट, पेढीवरची बैठी मेज, वह्यांची लाकडी पेटी या वस्तू ‘नव्या घरात शोभत नाहीत’ म्हणून भंगारात जातात आणि त्यांच्या जागी भुशाच्या फळ्यांचे फर्निचर येते. पांढऱ्या भिंतीपुढे जुने कपाट खरोखरच उपरे वाटते. तपकिरी भिंतीपुढे तेच कपाट घरचे वाटू लागते. दोन लिटर रंगाने नव्या फर्निचरची खरेदी वाचत असेल आणि तीन पिढ्यांचे सागवान घरातच राहत असेल, तर सासूबाई आणि सूनबाई या दोघींनी त्या भिंतीला संमती द्यावी. कपाट तिच्यापुढे कोठे ठेवायचे, हे मात्र सासूबाईंनी ठरवावे.