विनोदाची स्पर्धा : आधी नाव झाका, मग नाव जपा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी मोबाईल हातात घेतला की चहाच्या आधी विनोद येतो. कधी नवरा-बायकोचा, कधी गुरुजी आणि बंड्याचा, कधी पुणेरी पाट्यांचा. आपण हसतो, चार गटांत तो पुढे पाठवतो आणि कामाला लागतो. हा लिहिला कोणी, हा प्रश्न सहसा पडत नाही. पडला तरी उत्तर मिळत नाही, कारण वाटेत कोणीतरी लेखकाचं नाव गाळलेलं असतं. किंवा मग खाली 'पु. ल. देशपांडे' असं ठोकून दिलेलं असतं. पुलंना जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर अजून जोरात फिरतो आहे.

याचा अर्थ विनोद लिहिणारे आहेत, फक्त ते दिसत नाहीत. म्हणूनच एखादं वाचनालय, फेसबुकवरचा एखादा वाचकांचा गट किंवा परदेशातलं एखादं महाराष्ट्र मंडळ समाजमाध्यमावर विनोदी लेखनाची स्पर्धा घ्यायची ठरवतं, तेव्हा ते काम मोलाचं असतं. खर्च जवळजवळ नाही, हॉल घ्यावा लागत नाही, टपालाची वाट पाहावी लागत नाही. प्रवेशिकाही भराभर येतात. मग निकाल लागतो आणि लोक हसण्याऐवजी एकमेकांवर रुसतात. असं का होतं?

कारण समाजमाध्यमाची रीत अशा स्पर्धेच्या नेमकी उलटी आहे. निवड होताना लेखकाचं नाव झाकलेलं हवं, तिथे ते फोटोसकट ठळक दिसतं. निकालानंतर ते नाव लेखाला चिकटून राहायला हवं, तेव्हा ते गळून पडतं. आयोजकाचं खरं काम हा क्रम सुलटा करण्याचं आहे.

विषय अरुंद ठेवा

सुरुवात विषयापासून करू या. 'विनोदी लेख पाठवा' एवढंच आवाहन केलं की लोक आपल्या मोबाईलमधला साठा उपसतात. जुने चुटके थोडे कपडे बदलून येतात. याला उपाय म्हणजे विषय अरुंद करणं. 'सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त', 'हरवलेल्या छत्रीची जाहिरात', 'लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं लिहिलेली रोजनिशी' असा नेमका साचा दिला की फिरता चुटका त्यात बसत नाही. स्पर्धकाला स्वतः बसून लिहावंच लागतं. शिवाय सगळ्यांनी एकच गोष्ट लिहिलेली असल्यामुळे तुलनाही करता येते. नाहीतर एकाची बारा पानी कथा आणि दुसऱ्याची चारोळी यांत डावं-उजवं कसं करणार?

जगात गाजलेल्या विनोदी स्पर्धांकडे पाहिलं तर त्या अशाच अरुंद वाटेनं गेलेल्या दिसतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात स्कॉट राईस या प्राध्यापकांनी १९८२ साली एक स्पर्धा सुरू केली. अट एवढीच की, जगातल्या सर्वांत वाईट कादंबरीचं पहिलं वाक्य लिहा. कादंबरी नको, फक्त पहिलं वाक्य! पहिल्या वर्षी प्रवेशिका आल्या ३. वर्तमानपत्रांनी दखल घेतल्यावर पुढच्या वर्षी त्या १० हजारांच्या घरात गेल्या. बुल्वर-लिटन या इंग्रज कादंबरीकाराच्या नावानं ती स्पर्धा चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. अमेरिकेतल्या 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचंही तसंच. २००५ पासून तिथे नियमितपणे एक व्यंगचित्र शब्दांविना छापतात आणि त्याखालची ओळ वाचकांनी सुचवायची असते. एक चित्र, एक ओळ.

आपल्याकडे शब्दमर्यादा ३०० ते ५०० ठेवावी. मोबाईलच्या पडद्यावर तेवढं एका बैठकीत वाचून होतं. मुदत देताना 'रविवारी रात्री १२ पर्यंत' असं लिहू नये. शनिवार संपतानाचे १२ की रविवार संपतानाचे, यावरून हमखास वाद होतो. त्यात न्यू जर्सीचा स्पर्धक म्हणतो, माझ्याकडे अजून दुपारच आहे! तेव्हा तारीख, 'रात्री ११ वाजून ५९ मिनिटं' आणि 'भारतीय वेळ' हे तिन्ही स्पष्ट लिहावं.

आधी नाव झाका

आता मुख्य मुद्दा. लेख गटावर सगळ्यांसमोर टाकायला सांगू नये. तसं केलं की पहिल्या दिवशी आलेला लेख सगळे वाचतात आणि शेवटच्या दिवशी आलेला चाळिसाव्या लेखाखाली गाडला जातो. एकाची कल्पना दुसरा उचलतो. शिवाय ओळखीच्या लेखकाचं नाव दिसताच हसायची तयारी आधीच झालेली असते. गुगल फॉर्म किंवा ई-मेल हा सरळ मार्ग. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून मागावा. त्याचा फोटो नको आणि जुन्या फाँटमधली फाईलही नको, नाहीतर उघडल्यावर मराठीऐवजी नुसती चिन्हं दिसतात. आयोजकांपैकी एकानं प्रत्येक लेखाला क्रमांक द्यावा, नावांची यादी स्वतःजवळ ठेवावी आणि परीक्षकांकडे फक्त क्रमांक जावेत. हा यादी सांभाळणारा माणूस परीक्षक नसावा, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

नाव झाकलं की काय होतं, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. लंडनच्या 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात वाचकांसाठी स्पर्धा असत. १९४९ साली त्यांनी कादंबरीकार ग्रॅहॅम ग्रीन यांच्या शैलीची नक्कल करायला सांगितली. खुद्द ग्रीन यांनी टोपणनावानं प्रवेशिका पाठवली. त्यांचा क्रमांक आला दुसरा! नाव दिसलं असतं तर त्यांना दुसरं ठेवायची छाती कोणाची झाली असती?

टोपणनावाचं आपल्यालाही नवल नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कविता लिहिली ती 'गोविंदाग्रज' होऊन आणि विनोद लिहिला तो 'बाळकराम' होऊन. अत्र्यांची 'झेंडूची फुलं' आली ती 'केशवकुमार' या नावानं. थट्टा करणाऱ्याला थोडा आडोसा लागतोच. स्पर्धेतला क्रमांक हा नवख्या लेखकासाठी असाच आडोसा असतो. ज्या गृहिणीनं आजवर किराणा मालाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, तिला नामवंत लेखकाच्या बरोबरीनं वाचलं जाण्याची संधी तो देतो.

अंगठे मोजू नका

'मग लाईक मोजू या, लोकांनाच ठरवू दे,' असा आग्रह हमखास होतो. वरकरणी तो लोकशाहीला धरून वाटतो. पण लाईक विनोदाला मिळतात की माणसाला? स्पर्धा सुरू झाली की घराघरांतल्या गटांवर निरोप जातात, 'आत्या, लिंक उघडा आणि अंगठा दाबा.' आत्या लेख न वाचता अंगठा दाबतात. ज्याचा गोतावळा मोठा, तो जिंकतो. त्यातच, कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे फेसबुकसारख्या माध्यमांची यंत्रणा ठरवते आणि जिला सुरुवातीला प्रतिसाद मिळतो ती आणखी पुढे सरकवते. शेवटी मोजला जातो तो हशा नव्हे, ओळखी.

खुल्या मतदानानं मोठमोठ्या संस्थांनाही चकवलेलं आहे. २०१६ साली ब्रिटनच्या पर्यावरण संशोधन परिषदेनं ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजासाठी लोकांकडून नाव मागवलं. पूर्वी रेडिओवर निवेदक असलेल्या एका गृहस्थानं थट्टेत 'बोटी मॅकबोटफेस' असं बालिश नाव सुचवलं. त्याला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली आणि ते पहिलं आलं! अखेर जहाजाला सर डेव्हिड अॅटनबरो यांचं नाव दिलं गेलं आणि जिंकलेलं नाव त्यावरच्या पाण्याखालच्या यंत्रवाहनाला मिळालं. मतदान घ्यायचं आणि निकाल आवडला नाही की बाजूला ठेवायचा, हे आयोजकाला कधीच शोभत नाही. म्हणून पद्धत आधी ठरवावी आणि जाहीर करावी.

'न्यूयॉर्कर'नं यात मधला मार्ग काढला. तिथे हजारो ओळी येतात. वाचकांना एकेक ओळ दाखवून विचारतात : हसू आलं नाही, थोडं आलं, की आलं? स्वतःला आवडलेली ओळ शोधून तिला मत द्यायचं नाही, समोर येईल तिला कौल द्यायचा. त्यातून संपादक तीन ओळी निवडतात आणि शेवटचा विजेता पुन्हा वाचक ठरवतात. या स्पर्धेत नामांकितांनाही तिष्ठत राहावं लागतं. प्रख्यात चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी शंभराहून अधिक वेळा ओळी पाठवल्या, तेव्हा कुठे २०११ साली ते जिंकले.

आपल्या स्पर्धेतही हे जमण्यासारखं आहे. तीन परीक्षकांनी १० लेख निवडावेत. ते नावांशिवाय, एकाच दिवशी वाचकांपुढे ठेवावेत. परीक्षकांचं पारितोषिक वेगळं आणि वाचकांच्या पसंतीचं वेगळं. म्हणजे दोघांचाही मान राहतो.

परीक्षकांसाठी दोन गोष्टी. एक, हसणं थकतं. सलग ५० विनोदी लेख वाचले की ५१ वा कितीही चांगला असला तरी चेहरा हलत नाही. म्हणून २० लेखांनंतर थांबावं आणि प्रत्येक परीक्षकाकडे लेख वेगळ्या क्रमानं द्यावेत. दुसरी गोष्ट सरासरीची. समजा, एका लेखाला तिघांनी १० पैकी ७, ७ आणि ७ गुण दिले. दुसऱ्याला दोघांनी ९ आणि तिसऱ्यानं २. बेरीज केली तर पहिला लेख २१ गुणांनी जिंकतो, दुसरा २० वर अडकतो. पण पोट धरून हसवणारा लेख बहुधा दुसराच असतो! वेगळ्या धाटणीचा विनोद सगळ्यांना सारखा रुचत नाही. तेव्हा प्रत्येक परीक्षकाला, इतरांचे गुण काहीही असोत, एक लेख अंतिम फेरीत नेण्याचा हक्क द्यावा.

थट्टा कोणाची?

विनोद म्हटला की कोणाला तरी चिमटा बसणार. पण कोणाची जात, रंग, अपंगत्व किंवा बोली हाच ज्या लेखातला एकमेव विनोद आहे, तो बाजूला ठेवला जाईल, हे नियमांत साध्या भाषेत लिहावं. कायद्याचीही जाण हवी. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं, पण बदनामी आणि धार्मिक भावना दुखावणं याविषयीच्या तरतुदी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहेत. गटातल्या सदस्यानं काही टाकलं तर केवळ अॅडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलं. मात्र आयोजक लेख स्वतः निवडून प्रसिद्ध करतात. त्यामुळे 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत.

मग नाव जपा

निकाल जाहीर करण्याआधी निवडलेल्या लेखांतली दोन-तीन वैशिष्ट्यपूर्ण वाक्यं अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावीत. उचललेला मजकूर बऱ्याचदा तिथेच सापडतो. आता संगणकाकडून लेख लिहून घेण्याचीही सोय झाली आहे. ती पकडण्याची खात्रीची युक्ती नाही, पण अंतिम फेरीतल्या लेखकाशी दहा मिनिटं फोनवर बोलावं. 'ही कल्पना कशी सुचली?' या प्रश्नावर ज्यानं खरोखर लिहिलं आहे तो भरभरून बोलतो.

हक्कांचंही पाहायला हवं. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं वाक्य अनेक जण सवयीनं घालतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा हक्क मुळात लेखकाचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण स्पर्धेला एवढं काही लागतच नाही. 'निवडलेला लेख लेखकाच्या नावासह प्रसिद्ध करण्याची परवानगी' एवढी मागितली की काम भागतं. लेखकाला तोच लेख पुढे दिवाळी अंकाकडे किंवा स्वतःच्या पुस्तकात देता येतो.

बक्षीस मोठं असावंच असं नाही. एखादं चांगलं पुस्तक आणि परीक्षकांचे चार शब्द पुरतात. पण ते चार शब्द नेमके हवेत. 'छान लिहिलंय' याचा लेखकाला उपयोग नाही. 'खजिनदाराच्या तोंडचं दुसरं वाक्य काढलं असतं तर शेवट अधिक रंगला असता' याचा आहे. न जिंकलेल्या दहा जणांना अशी एकेक ओळ पाठवली तर त्यातले सात-आठ जण पुढच्या वर्षी नक्की लिहितील.

आणि शेवटची एक बारीक गोष्ट. लेख पुढे पाठवताना लोक बहुतेकदा वरचं शीर्षक आणि खालचं नाव गाळतात, मधला मजकूर तेवढा उचलतात. म्हणून विजेत्या लेखाचं प्रतिमारूप पान तयार करावं आणि लेखकाचं नाव मजकुराच्या पोटात, दोन परिच्छेदांच्या मध्ये घालावं. जाणूनबुजून खोडणाऱ्याला ते थांबवणार नाही. पण नुसत्या घाईनं पुढे ढकलणाऱ्यांच्या हातून तरी, हसू आणि हसवणाऱ्याचं नाव दोन्ही बरोबरच पुढे जातील.