दोनशे दहा ग्रॅमचे अंडे आणि ते घालणारी कोंबडी

ऑक्टोबर २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या तळसंदे गावच्या एका पोल्ट्रीत २१० ग्रॅमचे अंडे मिळाले आणि त्याची राज्यभर बातमी झाली. एरवीचे अंडे ५५ ते ६० ग्रॅमचे, म्हणजे हे एकटेच साडेतीन अंड्यांना भारी. गिनीजच्या नोंदीतले अंडे याच्याही दुप्पट वजनाचे आहे. २५ फेब्रुवारी १९५६ रोजी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे एका पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीने ४५४ ग्रॅमचे अंडे घातले. आत दोन बलक आणि कवचही दुहेरी! लेगहॉर्न कोंबडीचे स्वतःचे वजन जेमतेम दीड-दोन किलो असते, हे ध्यानात घेतले की कौतुकाबरोबर अंगावर काटाही येतो.

असे अंडे तयार होते कसे? अंडाशयातून बलक सुटला की अंडनलिकेत त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, मग पातळ पापुद्रे आणि शेवटी कवच. हा प्रवास साधारण २४ ते २६ तासांचा, आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला लागतात. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेच्या शरीराची घडी अजून बसलेली नसते. त्यामुळे कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात बंद होतात. कधी तयार अंडे बाहेर येण्याऐवजी नलिकेत उलटे वर सरकते, मागून येणाऱ्या बलकाला गाठते आणि अंड्यात अंडे तयार होते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये मिळालेले १७६ ग्रॅमचे अंडे या दुसऱ्या प्रकारचे होते. फोडल्यावर आत बलक, पांढरा भाग आणि नेहमीच्या आकाराचे एक अख्खे अंडे निघाले.

एखाद्या वेळी असे घडले म्हणून घाबरायचे कारण नाही. दुहेरी बलकाचे अंडे खायलाही चांगलेच. प्रश्न येतो तो कोंबडीच्या मानाने मोठी अंडी वारंवार येऊ लागली तर.

अंडे घालताना कोंबडीच्या अंडनलिकेचे शेवटचे टोक क्षणभर उलटून बाहेर येते, म्हणजे अंड्याला विष्ठा लागत नाही. अंडे पडले की ते टोक आत जाते. अंडे फार मोठे असेल, कोंबडी वयाने कोवळी असेल किंवा पोटात चरबी साचलेली असेल, तर ताणलेला भाग आत जात नाही. याला अंग बाहेर येणे म्हणतात. खरा घात पुढे होतो. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या टोचायला धावतात, आणि दाटीवाटीच्या खुराड्यात बाकीच्या कोंबड्या तिला टोचून टोचून मारून टाकतात. म्हणून अशी कोंबडी दिसताच पहिले काम तिला वेगळे, अंधाऱ्या जागी ठेवण्याचे.

दुसरे संकट अंडे अडण्याचे. कोंबडी पिसे फुलवून, शेपटी खाली टाकून एका जागी बसते, सारखी कुंथते, दाणा सोडते. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरली तर कधी स्नायू सैल पडून अंडे सुटते. नाही सुटले तर तातडीने पशुवैद्यक गाठावा. घरच्या घरी आतले अंडे फोडायला जाऊ नये. कवचाचे तुकडे नलिका कापतात आणि जंतुसंसर्ग पोटभर पसरतो.

हाडांचे दुखणे मात्र बाहेरून दिसत नाही. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खाद्यातून पुरले नाही तर कोंबडी ते हाडांतून काढते. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी डेन्मार्कमधल्या ४० कळपांतल्या पावणेपाच हजारांहून अधिक कोंबड्या तपासल्या. सुमारे ८५ टक्के कोंबड्यांचे छातीचे उभे हाड मोडलेले होते. लहान चणीच्या आणि लवकर अंड्यावर आलेल्या कोंबड्यांत हे प्रमाण जास्त होते, आणि अंगाच्या मानाने मोठे अंडे बाहेर ढकलताना आतून पडणारा दाब हे संशोधकांना एक संभाव्य कारण वाटले.

म्हणजे बरेचसे दुखणे पहिल्या अंड्याच्या आधीच ठरते. तलंगेचे वजन भरण्यापूर्वी शेडमधल्या बल्बचे तास वाढवले की ती लवकर अंड्यावर येते. मालकाला आठवड्याभराचे उत्पन्न आधी मिळते, पण तिचे शरीर अजून तयार नसते. म्हणून जाणते पोल्ट्रीवाले कळपातल्या काही तलंगा दर आठवड्याला काट्यावर घेतात आणि मगच प्रकाश वाढवतात. खाद्यातली प्रथिने, विशेषतः त्यांतले मेथिओनिन हे अमिनो आम्ल, आणि तेलाचे प्रमाण वाढवले की अंडे मोठे होते, तेव्हा गरज नसताना तेही वाढवू नये. परसातल्या चार कोंबड्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तरी पुष्कळ, ज्या त्या कोंबडीला हवा तेवढा ती उचलते. म्हाताऱ्या कोंबडीला तो जास्त लागतो, कारण वयाबरोबर अंडे वाढते, पण कवचाचा माल त्या प्रमाणात वाढत नाही. कवच पातळ होत जाते.

ब्रिटनमध्ये अंडी वजनाच्या प्रतीनुसार विकली जातात आणि ६३ ग्रॅमच्या पुढच्या ‘लार्ज’ला मोठी मागणी असते. तिथल्या मुक्त कोंबडीपालकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष टॉम व्हेसी यांनी २००९ मध्ये, मोठे अंडे घालताना कोंबडीला त्रास होऊ शकतो, मध्यम अंडी घ्या, असे जाहीरपणे सांगितले. मोठ्या अंड्याला जास्त दाम मिळत असताना उत्पादकांच्याच अध्यक्षाने असे बोलणे तिथे चर्चेचा विषय झाले. आपल्याकडे घाऊक भाव शेकड्यावर निघतो आणि दुकानात अंडे नगावर जाते. मोठ्या अंड्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक ट्रेमधले सर्वांत मोठे अंडे निवडून घेते आणि दुकानदारही त्याला अडवत नाही.