मोरीचे तोंड आणि ओढ्याचा काठ : काथ्याच्या जाळीने माती कशी धरावी



गळीत हंगामाच्या तोंडावर आम्ही ऊसवाहतुकीच्या वाटा पाहू लागलो की दरवर्षी एकच गोष्ट नजरेस येते. फडात ऊस उभा असतो, टोळी यायची असते, पण ओढ्यावरची मोरी खालच्या अंगाने उघडी पडलेली असते. भरलेली ट्रॉली तिच्यावर घालायला ड्रायव्हर धजत नाही. ऊस तोडून पडला आणि वाट अडली, तर दर दिवसाला वजनही घटते आणि उताराही. सबब मोरी व ओढ्याचा काठ राखणे हे केवळ बांधकाम खात्याचे काम नसून उसाच्या लागवडीइतकेच आपले काम आहे.

आपल्या केज तालुक्यात वरच्या अंगाला बालाघाटाचा उतार आणि खाली मांजरेकाठचे काळे रान आहे. पाऊस एरवी बेताचा, पण येतो तेव्हा कोसळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये धनेगावच्या मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी जमीन खरडून गेली. त्यातच डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियानात बरेच नाले खोल व रुंद झाले. पाणी साठले हे चांगलेच झाले, परंतु जेथे काठ उभे तासलेले राहिले व त्यांवर गवत धरले नाही, तेथे ते ढासळत आहेत.

माती का जाते ?

दहा-बारा फूट रुंदीचा ओढा मोरीच्या तीन फुटी नळीत कोंबला की पाण्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा मारा दुपटीने नव्हे, चौपटीने वाढतो. हे पाणी नळीच्या खालच्या तोंडाशी पडून खड्डा पाडते. खड्डा मागे सरकत मोरीच्या पायाखाली शिरतो आणि दोन्ही बाजूंचे काठ आत घसरतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पूर ओसरला की भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचा आधार राहत नाही. म्हणून कडा पुष्कळदा पुरात न कोसळता, पूर उतरल्यावर कोसळते.

जाळी काय करते ?

नारळाच्या काथ्याची विणलेली जाळी, जिला भूवस्त्र म्हणतात, ती काठावर अंथरून खिळ्यांनी जखडतात. केरळात रोजगार हमीच्या कामांतून ओढ्यांच्या व तळ्यांच्या काठांना ती मोठ्या प्रमाणावर घातली आहे. तिच्यासाठी भारतीय मानक १५८६९ आहे. दर चौरस मीटरला ४००, ७०० व ९०० ग्रॅम वजनाच्या जाळ्या मिळतात. वाहत्या पाण्याच्या काठाला ७०० किंवा ९०० ग्रॅमची घ्यावी. तागाची जाळी स्वस्त, पण लवकर कुजते. काथ्याची दोन ते चार वर्षे टिकते. परदेशात न कुजणाऱ्या जाळ्या व जमिनीत खोल ठोकून आडवे वळणारे लोखंडी नांगर वापरतात. आपल्या लहान ओढ्यांना एवढ्या खर्चाची गरज सहसा पडत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जाळी कायमची नाही. मुळे धरेपर्यंत माती जागेवर ठेवणे एवढेच तिचे काम. पुढे काठ राखतात ती मुळेच. गवत न लावता नुसती जाळी टाकली, तर पैसे दोन-चार वर्षांत कुजले असे समजावे.

जाळी कशी घालावी ?

१) नळीच्या तोंडाशी जाळी चालत नाही. तेथे दगडच हवा. नळीच्या व्यासाच्या साधारण चार ते सहा पट लांबीपर्यंत मोठ्या दगडांची पिचिंग करावी. काठाच्या पायथ्यालाही दगड रचावा. जाळी त्याच्या पुढे व वर.

२) उभा काठ तासून एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा असा उतार द्यावा. ढेकळे फोडावीत, भेगा बुजवाव्यात. जाळी मातीला सर्वत्र चिकटली पाहिजे. खाली पोकळी राहिली की पाणी तिथूनच शिरते.

३) बी जाळी घालण्यापूर्वी पेरावे. मारवेल चांगले. वाळ्याचे ठोंब जाळीच्या छिद्रांतून वीतभर अंतराने आडव्या ओळीत लावावेत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात व तो रानात पसरत नाही. हरळी माती धरते खरी, पण उसात शिरली तर निघत नाही. ती फडाजवळ नको. पायथ्याला निरगुडीच्या काड्या रोवाव्यात.

४) काठाच्या माथ्यावर एक फूट रुंद, एक फूट खोल चर काढून जाळीचे टोक त्यात खिळून, माती दाबून पुरावे. प्रवाहाच्या वरच्या बाजूचे टोकही असेच पुरावे. जाळी उचकटते ती बहुधा कडेपासूनच.

५) दोन पट्ट्यांची चढवणी वीतभर ठेवावी. वरच्या अंगाची पट्टी खालच्या अंगाच्या पट्टीवर, कौलासारखी.

६) खिळे सळईचे, यू आकाराचे. मुरमाड जमिनीत एक फुटाचे चालतात. काळ्या मातीत दीड फुटाचे घ्यावेत, कारण भेगांनी आखूड खिळे सैल होतात. चौरस मीटरला तीन, कडेला जास्त.

हिशेब असा : मोरीखाली दोन्ही काठ १० मीटर लांब व उतार ३ मीटर धरला, तर ६० चौरस मीटर क्षेत्र होते. चर व चढवणी धरून ९० चौरस मीटर जाळी आणि सुमारे २७० खिळे लागतील.

माती व उताराचे काम मे महिन्यात उरकावे. पेरणी व जाळी मृगाच्या आगेमागे. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्वतः फिरून सुटलेले खिळे पुन्हा ठोकावेत. पहिला पावसाळाभर गुरे-शेळ्या काठावर सोडू नयेत. आणि शेजारी पाचट पेटवू नये. काथ्या वाळला की लगेच पेट घेतो, मग वर्षाची मेहनत घटकेत जाते. पाचट मुळी जाळूच नये, हे आपण नेहमी सांगतोच.

शेजाऱ्याचा विचार

ओढ्याचे पात्र कोणाच्या मालकीचे नसते. आपला काठ पुढे सारून पात्र अरुंद केले, तर पाणी समोरच्याच्या बांधावर आदळते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे उभी राहतात. म्हणून दोन्ही काठांचे सभासद मिळून, ग्रामपंचायतीला कळवून काम करावे. एकाच काठाची जाळी म्हणजे अर्धेच काम.

तरी ज्यांच्या ऊसवाहतुकीच्या वाटेवर अशी मोरी आहे, त्या सभासद बंधूंनी पावसाळ्यापूर्वी आपल्या गट कार्यालयात नोंद द्यावी. आम्ही जागेवर येऊन उतार व माप आखून देऊ.

— ऊस विकास अधिकारी