स्टार्टरला हात लावण्याआधी

नेपियर टाउनमधल्या घरासमोरची मोटार असो की जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनलेली जोंगा, स्टार्टर सापडतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी. कारण त्याचे लहान दंतचक्र फ्लायव्हीलचे दातेरी कडे फिरवते. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या जाड केबलचा माग काढा.

किल्ली काढली तरी ही केबल थेट बॅटरीला जोडलेलीच असते आणि तिला बहुधा फ्यूज नसतो. म्हणून इंजिन थंड होऊ द्या, हँडब्रेक ओढा आणि प्रथम ऋण टोक सोडवा. धन टोक आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन हात भाजतो. जोडताना ऋण टोक शेवटी.

खालून काम असल्यास सपाट जागा, चाकांना दगड आणि मजबूत स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका.