ग्रंथपालाचा स्वभाव : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात एक विचार

ग्रंथपालाचा व्यवसाय हा अबोल, एकांतप्रिय व टापटिपीच्या माणसाचा व्यवसाय होय, अशी समजूत रूढ आहे. या समजुतीला संशोधनाचाही थोडाफार आधार मिळालेला दिसतो. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथपालांविषयी अ‍ॅलिस ब्रायन यांनी केलेला अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ग्रंथपालांच्या ठिकाणी आत्मविश्वास व पुढाकार घेण्याची वृत्ती तुलनेने कमी आढळली. पुढील काळातील स्वभावचाचण्यांतही अंतर्मुख व्यक्तींचे प्रमाण अधिक दिसून आले. परंतु या निष्कर्षांवरून एवढेच समजते की या व्यवसायाकडे कोणत्या वृत्तीची माणसे वळतात. व्यवसायास कोणती वृत्ती मानवते, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या प्रवर्तकाचेच उदाहरण पाहावे. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लवकरच त्या एकांताला इतके कंटाळले की पुन्हा अध्यापनाकडे परतण्याची त्यांनी विनंती केली. प्रथम इंग्लंडला जाऊन यावे, मग ठरवावे, असे त्यांना सुचविण्यात आले. तेथील ग्रंथालयांत वाचकांची गजबज व सेवेची तत्परता पाहिल्यावर त्यांचे मत पालटले. म्हणजे ज्या शांततेसाठी लोक हा व्यवसाय पत्करतात, ती शांतताच त्यांना असह्य झाली होती. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांत वाचक आणि वाचकाचा वेळ यांना जे स्थान आहे, त्याचे मूळ काही अंशी या अस्वस्थतेत असावे.

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार येते. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. एखादा पदव्युत्तर विद्यार्थी पालघरचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास शोधू लागला, तर ‘पालघर’ या नावाखाली त्याच्या हाती फारसे लागणार नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ चा खंड ठाण्याच्या नावाने आहे आणि त्यात आजच्या पालघर तालुक्याचा बराचसा भाग माहीम तालुक्यात मोडतो. हे माहीम म्हणजे केळव्याजवळचे, मुंबईतील नव्हे. जव्हार तर १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. विद्यार्थी जे नाव उच्चारतो त्यापलीकडे जाऊन त्याला खरोखर काय हवे आहे, हे ग्रंथपालाला विचारून काढावे लागते. येथे अबोलपणा उपयोगी पडत नाही, आणि केवळ बोलकेपणाही नाही. लागते ती चिकाटीची जिज्ञासा.

वर्गीकरणाची गोष्टही अशीच आहे. दशांश पद्धतीप्रमाणे वारली जमातीवरील समाजशास्त्रीय ग्रंथ ३०० मध्ये, बोलीविषयीचा ४०० मध्ये आणि चित्रकलेवरील ७०० मध्ये जातो. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) आणखी कोठे तरी ठेवले जाते. कपाटे नीट लावली तरी विषय विखुरलेलाच राहतो. तो एकत्र जुळतो तो ग्रंथपालाच्या स्मरणात व त्याने काळजीपूर्वक केलेल्या परस्परनोंदींत. टापटीप हा गुण म्हणूनच आवश्यक आहे. परंतु नियम पाळला म्हणजे काम संपले असे मानणारी टापटीप येथे अडथळाच ठरते.

बोईसर-तारापूरकडे वळल्यास वाचकाचे रूपच बदलते. औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे, अनेक प्रांतांतून आलेले कामगार. किनाऱ्यावरील मच्छीमार, ज्यांना पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात काहीशी सवड मिळते. आणि अणुऊर्जा केंद्रातील तंत्रज्ञ. केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले. पुढील दोन संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. या विस्थापित कुटुंबांतील कोणी जुना शासननिर्णय किंवा राजपत्र पाहावयास आला, तर ग्रंथपालाच्या स्वभावाची खरी परीक्षा होते. त्याने वकिली करू नये, पण कागद हाती देऊन मोकळेही होऊ नये. राजपत्रातील भाषा कळत नसेल तर ती उलगडून सांगणे हे त्याचे काम आहे. दावा खरा की खोटा हे ठरविणे त्याचे काम नाही. ही सीमा सांभाळण्यास लागणारा मनाचा तोल कोणत्याही प्रश्नावलीत सहजासहजी मोजता येत नाही.

अडचण अशी की, हे सारे गुण बहुधा एकाच व्यक्तीकडून अपेक्षिले जातात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालील मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि लहान वर्गांतील संस्थांचा भार एक-दोन सेवकांवरच असतो. त्यांचे वेतन मुख्यतः अनुदानावर अवलंबून. मोठ्या विद्यापीठीय ग्रंथालयात अंतर्मुख माणसाला तालिकाकरणाकडे व मनमिळाऊ माणसाला संदर्भसेवेकडे नेमता येते. त्यामुळे स्वभावदोष झाकले जातात. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात अशी वाटणी शक्य नाही. तेथे तीच व्यक्ती सकाळी नोंदी करते, दुपारी शाळकरी मुलांना शांत बसविते आणि संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या कामगाराला हिंदी वृत्तपत्र शोधून देते. निवडसमित्या मात्र प्रमाणपत्रच पाहतात. मुलाखतीत उमेदवारापुढे एखाद्या वाचकाचा अर्धवट, चुकीच्या नावाने विचारलेला प्रश्न ठेवावा आणि तो पुढे काय विचारतो हे पाहावे, एवढी साधी कसोटीही सहसा लावली जात नाही.